उन्हाळी सुट्टीतले चार विज्ञान प्रयोग: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

दरवर्षी तेच होतं. एप्रिलच्या शेवटी शाळा सुट्टीचा अभ्यास म्हणून एखादा विज्ञान प्रकल्प देते, मे महिना आमरसात आणि मामाच्या गावी जातो, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानात झुंबड उडते. थर्मोकोल, चमकीचे कागद, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर आणून ज्वालामुखी उभा राहतो. रात्री अकरा वाजता आई कापते, बाबा चिकटवतात आणि मूल शेजारी झोपलेलं असतं. त्या प्रकल्पात कुणी काहीच मोजलेलं नसतं, त्यामुळे ‘यातून तुला काय कळलं?’ असं बाईंनी विचारलं की मूल गप्प होतं.

गेली काही वर्षं मे महिन्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी सहावी ते आठवीच्या मुलांकडून छोटे प्रयोग करून घेते. त्यातले चार इथे देते आहे: सावली नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवस, उन्हावर भात शिजवणारी खोक्याची सौरपेटी, पाणी गार करणारी मडकी आणि रंग बदलणारा हळदीचा कागद. चारही उन्हाळ्यात जमतात, खर्च फारसा नाही, आणि प्रत्येकात मुलांना काहीतरी मोजावं लागतं. फसतात तेव्हा बहुतेक वेळा तयारीत किंवा क्रमात फसतात, म्हणून मी तिथेच जास्त वेळ घालवणार आहे.

## १. कात्री हातात घेण्याआधी

तीन गोष्टी जमवल्याशिवाय काहीही कापायला घेऊ नका.

पहिली, शंभर पानी वही. प्रत्येक प्रयोगाला उजवीकडच्या पानावर तक्ता आणि डावीकडे मोकळी जागा. तक्ता प्रयोगाच्या आदल्या दिवशी आखायचा आणि त्याच्या वर एक ओळ लिहायची: मला काय होईल असं वाटतं आणि का. ही ओळ नंतर खोडायची नाही, अंदाज चुकला तरी. मुलं निकाल पाहून अंदाज ‘सुधारतात’. ते थांबवायचं असेल तर ती ओळ पेनाने लिहून घ्या.

दुसरी, योग्य थर्मामीटर. शाळेच्या प्रयोगशाळेतला असतो तसा, ० ते ११० अंश सेल्सिअसचा, लाल द्रवाचा घ्या. शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात मिळतो. स्वयंपाकाचा डिजिटल असेल तर तोही चालतो.

इशारा: ताप मोजायचा थर्मामीटर कुठल्याही प्रयोगात वापरू नका. त्याची पट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते. काचेचा असेल तर गरम पाण्यात तो फुटतो, आणि जुन्यात पारा असतो.

तिसरी, मोबाईलचं घड्याळ. भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका. पुढच्याच प्रयोगात पाच मिनिटांची चूक महाग पडते.

आणि सगळ्या प्रयोगांना लागू असलेला एक नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. काळा डबा आणि चकचकीत डबा यांची तुलना करायची तर दोन्ही डबे एकाच मापाचे, पाणी तेवढंच, जागा तीच, वेळ तीच. डबा काळा आणि शिवाय लहान असेल, तर पाणी रंगामुळे तापलं की आकारामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. सगळ्यात जास्त प्रकल्प इथे वाया जातात.

तपासणी: मुलाला विचारा, ‘तू काय बदलतो आहेस आणि काय सारखं ठेवतो आहेस?’ दोन्हींची उत्तरं न अडखळता आली तर पुढे जा. नाही आली तर आजचा दिवस थांबा.

## २. क्रम तारखेने ठरतो, आवडीने नाही

शून्य सावलीचा दिवस तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून तो प्रयोग आधी कॅलेंडरवर लिहा. सौरपेटीला सलग दोन-तीन कोरडे, निरभ्र दिवस लागतात. मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळवाचे ढग जमू लागतात, तेव्हा पेटी जमेल तितकी लवकर करून टाका. मडक्यांचा प्रयोग कधीही चालतो. हळदीचा कागद ढगाळ दिवसासाठी किंवा प्रवासात नेण्यासाठी राखून ठेवा.

उन्हाबद्दल एकदाच सांगते. अकरा ते तीन या वेळात मूल गच्चीवर सलग उभं राहता कामा नये. मांडामांड सकाळी नऊच्या आत, नोंदी पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांत, डोक्यावर टोपी, पायात चप्पल, खाली आल्यावर पाणी. फरशी किती तापते ते अनवाणी पोराला पहिल्या पावलाला कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो.

## ३. शून्य सावली: दुपारी बारा वाजता बघू नका

सूर्य बरोब्बर डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच पडते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्या सगळ्या महाराष्ट्रात आणि गोव्यात, हे वर्षातून दोनदा होतं. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये येते आणि ढगांत हरवते. त्यामुळे खरी संधी मेमधलीच.

तारीख तुमच्या गावाच्या अक्षांशावर ठरते. पणजी २-३ मे, कोल्हापूर ६-७ मे, रत्नागिरी ८ मे, सोलापूर १० मे, पुणे १४ मे, मुंबई १५-१६ मे, नाशिक २० मे, धुळे २४-२५ मे आणि नागपूर २६ मेच्या आसपास. तुमचं गाव यात नसेल तर जवळच्या दोन गावांच्या मधली तारीख धरा. एखादा दिवस मागेपुढे झाला तरी बिघडत नाही, कारण आपण एकच दिवस बघणार नाही आहोत.

### वेळ काढणं

बहुतेक जण इथेच चुकतात. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला, असं होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. सूर्य आपल्या माथ्यावर उशिरा येतो, दर अंशाला ४ मिनिटं.

१. मोबाईलच्या नकाशात आपल्या गावाचा रेखांश बघा. मुंबईचा साधारण ७२.९.
२. ८२.५ मधून तो वजा करा. ९.६ उरले.
३. ४ ने गुणा. ३८ मिनिटं.
४. मे महिन्यात यातून साडेतीन मिनिटं वजा करा, कारण पृथ्वीच्या कक्षेच्या आकारामुळे आणि आसाच्या कलामुळे या दिवसांत सूर्य तेवढा लवकर माथ्यावर येतो.
५. उरलेली मिनिटं बारात मिळवा. मुंबईत साधारण १२ वाजून ३५ मिनिटं. याच हिशेबाने पुण्यात १२.३१, सोलापुरात १२.२३ आणि नागपुरात १२.१० ते १२.११.

ही आकडेमोड मुलालाच करू द्या. सहावीच्या मुलाला ती जमते, आणि ‘आपल्या गावाची दुपार’ स्वतः काढल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

### मांडणी

जाडसर पुठ्ठ्यावर पांढरा कागद चिकटवा आणि मधोमध ३० सेंटीमीटर उंचीचा प्लंबिंगचा सरळ नळा उभा करा. भरीव काठीपेक्षा पोकळ नळा बरा, कारण सूर्य माथ्यावर आला की आतून तळाशी उजेडाचं पूर्ण गोल वर्तुळ दिसतं. त्या आधी ते कापलेल्या चंद्रासारखं असतं.

आता दोन गोष्टी काटेकोर हव्यात. पुठ्ठा सपाट हवा: त्यावर गोटी ठेवा, ती घरंगळली तर त्या बाजूला कागदाची घडी सरकवा. नळा उभा हवा: गवंडी वापरतात तसा ओळंबा करा, दोऱ्याला नट बांधून. दोरा नळ्याच्या शेजारी धरून दोन बाजूंनी बघा, एकदा समोरून, एकदा काटकोनातून. एकाच बाजूने बघितलं तर नळा दुसऱ्या बाजूला कललेला राहतो. दोन अंशांचा कल असेल तर ३० सेंटीमीटरच्या नळ्याची सावली सुमारे १ सेंटीमीटरने चुकते, आणि मुलांना वाटतं की प्रयोगच खोटा.

### नोंद

काढलेल्या वेळेच्या २० मिनिटं आधीपासून दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकावर पेन्सिलने ठिपका, शेजारी वेळ. नंतरही २० मिनिटं तसंच. मुंबईत त्या दिवशी बारा वाजता बघाल तर अशा नळ्याची सावली ४ सेंटीमीटरहून जास्त दिसेल. बाराच्या ठोक्याला बघून ‘काही होत नाही’ म्हणत खाली उतरलेली कितीतरी घरं मला ठाऊक आहेत.

एकाच दिवशी थांबू नका. ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी, त्या दिवशी आणि चार दिवसांनी, गावाच्या दुपारच्या वेळेला सावली मोजा. या दिवसांत सूर्य चार दिवसांत सुमारे १ अंश उत्तरेकडे सरकतो, म्हणजे आपल्या नळ्याची सावली साधारण अर्धा सेंटीमीटर बदलते. आधी ती उत्तरेला पडते, नंतर दक्षिणेला. सावलीने बाजू बदलली हे वहीत दिसणं, हा या प्रयोगाचा खरा निकाल. मुख्य दिवशी ढग आले तरी आधीच्या आणि नंतरच्या नोंदींवरून मधली तारीख काढता येते.

इशारा: सूर्याकडे थेट बघायचं नाही, नळ्यातून वर तर मुळीच नाही. उजेडाचं वर्तुळ वाकून, वरून, डोकं सावली पाडणार नाही अशा बाजूने बघायचं.

## ४. खोक्याची सौरपेटी

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यांना हाच प्रयोग करायचा असतो आणि हाच सगळ्यात जास्त फसतो.

### सामान

एक मोठं खोकं, साधारण ४५ सेंटीमीटर लांबरुंद. त्यात सगळ्या बाजूंनी ५ सेंटीमीटर जागा सोडून बसेल असं लहान खोकं, १५ सेंटीमीटरपेक्षा खोल नको. जुनी वर्तमानपत्रं किंवा भाताचा तूस. ॲल्युमिनियमची फॉईल. तांदळाच्या पिठाची खळ. काळा चार्टपेपर. फोटोफ्रेमच्या दुकानातून कापून आणलेली साधी काच, आतल्या खोक्याच्या तोंडापेक्षा दोन बोटं मोठी, कडा घासून घेतलेली. दोन सारखे, झाकणाचे, पातळ पत्र्याचे स्टीलचे छोटे डबे.

थर्मोकोल आणू नका. ऊब धरून ठेवतो म्हणून बहुतेक जण तो भरतात. एका मेमध्ये आमच्या गच्चीवरच्या एका पेटीत आतल्या भिंतीला थर्मोकोल लावला होता. दीड वाजता पेटी उघडली तेव्हा त्याचे कोपरे आत वळले होते, पृष्ठभागावर खळगे पडले होते आणि उग्र वास येत होता. ज्या डब्यात भात शिजतो आहे त्याच्या शेजारी हे नको. १०० अंशांच्या आसपास थर्मोकोल मऊ पडतो आणि चांगली जमलेली पेटी तिथवर जाऊ शकते. कागद, तूस, जुने सुती कपडे यांनी काम उत्तम होतं.

### बांधणी, याच क्रमाने

१. आतल्या खोक्याच्या भिंतींना आतून फॉईल चिकटवा. खळ पातळ करून हाताने पसरवा आणि सुक्या फडक्याने मधून कडेकडे दाबत न्या. फॉईलची कुठली बाजू वर ठेवायची यावर वाद होतात. दोन्ही बाजू जवळपास सारखाच उजेड परतवतात. खरा फरक सुरकुत्यांनी पडतो.

२. तळाला काळा चार्टपेपर. तळाला फॉईल लावू नका, नाहीतर आलेला उजेड पुन्हा काचेतून बाहेर जातो.

३. मोठ्या खोक्याच्या तळाशी ५ सेंटीमीटर वर्तमानपत्राचे बोळे. त्यावर लहान खोकं ठेवून चारही बाजू भरा. ठासून भरू नका. ऊब थांबते ती बोळ्यांमधल्या हवेमुळे; कागद दाबून ठोकळा केलात तर ती हवाच निघून जाते. तूस असेल तर आधी एक दिवस उन्हात कोरडा करा.

४. दोन्ही खोक्यांच्या कडांमधली फट पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी बंद करा. काच जिथे टेकणार तिथे जुन्या चादरीची दुहेरी पट्टी चिकटवा. मुलं ही पायरी वगळतात, कारण ती दिसत नाही. पण गरम हवा वर जाते आणि काचेखालच्या फटीतूनच निसटते.

५. काचेच्या चारही कडांना जाड चिकटपट्टी लावा. काच उचलणं-ठेवणं मोठ्या माणसाचं काम, फडक्याने धरून. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकते.

६. मोठ्या खोक्याच्या झाकणाएवढ्या पुठ्ठ्याला फॉईल लावून आरसा करा आणि खोक्याच्या मागच्या कडेला बिजागरीसारखा चिकटवा. मेमध्ये माध्यान्हीला सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, म्हणून आरसा सरळ उभा ठेवला तर त्याचा काही उपयोग होत नाही. तो मागे झुकवा, काचेशी साधारण १२० अंशांचा कोन होईल इतका, आणि मागून काठीचा टेकू द्या. कोन मोजायला कंपास घेऊन बसायची गरज नाही: आरशाचा चमकता पट्टा काचेवर पूर्ण पसरलेला दिसला की कोन बरोबर. सूर्य सरकतो तसा दर अर्ध्या तासाने खोक्याचं तोंड हलवा.

तपासणी: रात्री बॅटरी पेटवून रिकाम्या पेटीत ठेवा, काच लावा आणि खोलीतला दिवा बंद करा. कडेने उजेडाची रेघ दिसली तिथून उद्या ऊब जाणार.

### पहिल्या दिवशी स्वयंपाक नको

पहिला दिवस फक्त पाण्याचा. दोन्ही डब्यांत प्रत्येकी २५० मिलिलिटर पाणी. एका डब्याला बाहेरून काजळी धरून घ्या: मोठ्या माणसाने तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर डबा फिरवला की पुरे. काळा ऑइलपेंट वापरायचा असेल तर फक्त बाहेरून, आणि रंगवलेला डबा रिकामा दोन दिवस उन्हात तापवल्यावरच, कारण ओल्या रंगाच्या वाफा अन्नात नकोत.

दोन्ही डबे पेटीत, काच बंद, सकाळी साडेदहाला. दर अर्ध्या तासाने तापमान. थर्मामीटर आत ठेवूनच काचेतून वाचता येईल असा टेकवा. प्रत्येक वेळी काच उघडून ‘बघू या तापलं का’ केलं तर पेटी तापतच नाही. एकदा उघडली की गेलेली ऊब परत यायला बराच वेळ लागतो.

थर्मामीटर मिळालाच नाही तर मेणबत्तीचा तुकडा छोट्या वाटीत आत ठेवा. साधं मेण सुमारे ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळतं. ते किती वाजता वितळलं हे नोंदवलं, तरी तीही मोजणीच.

दुसऱ्या दिवशी काचेऐवजी नुसती जाळी ठेवून तेच पाणी, त्याच वेळा. तिसऱ्या दिवशी काच परत, पण आरसा दुमडून. आता वहीत तीन रांगा झाल्या आणि काच किती ऊब धरते, आरसा किती आणतो, हे मुलाला स्वतःच्या आकड्यांत दिसतं. नुसता भात शिजवला तर यातलं काही कळत नाही.

### मग भात

अर्धी वाटी तांदूळ अर्धा तास भिजवून, एक वाटी पाणी, काळ्या डब्यात झाकण लावून, साडेदहाला पेटीत. झाकण हवंच; नाहीतर वाफ काचेला धरते आणि धुरकट काच उजेड अडवते. आमच्याकडे अडीच-तीन तासांत दाणा मऊ होतो. शेंगदाणे घालायचा मोह आवरा, ते कडक राहतात.

इशारा: दोन वाजेपर्यंत भात शिजला नाही तर तो लगेच गॅसवर चढवा. कोमट, अर्धवट शिजलेलं अन्न संध्याकाळपर्यंत पेटीत ठेवून मग खायचं नाही. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि वास येईपर्यंत ते कळतही नाही.

आरशाच्या चमकीत डोळे घालायचे नाहीत. पेटी हलवताना उन्हाचा चष्मा किंवा निदान टोपी पुढे ओढलेली असावी.

## ५. दोन सुगडं आणि वजनकाटा

संक्रांतीची सुगडं घरात कुठेतरी माळ्यावर असतात. आजीला विचारून सारख्या मापाची दोन घ्या. रंगवलेली नकोत: ऑइलपेंटने भोकं बुजतात आणि पाणी पाझरत नाही. बाजारात नक्षी काढून मिळणारे सुंदर माठ पाणी थंड करत नाहीत, त्याचं कारण हेच.

१. दोन्ही सुगडं २४ तास पाण्यात बुडवून ठेवा. कोरडं मडकं पहिल्या दिवशी पाणी पिऊन घेतं आणि वजनाचे आकडे फसवे येतात.
२. एका बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी दोन्हींत सारखं भरा, तोंडावर झाकण.
३. एका सुगडाला बाहेरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी गच्च गुंडाळून दोऱ्याने बांधा.
४. दोन्ही सावलीत, वारा लागेल अशा जागी, तिवईवर ठेवा. थेट फरशीवर नको.
५. दर अर्ध्या तासाने तापमान आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन.

उघड्या सुगडाचं वजन कमी होत जातं आणि पाणी गार होतं. गुंडाळलेलं तसंच राहतं. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात अर्ध्या किलोहून जास्त पाणी १ अंशाने गार होऊ शकतं. मुलाला वजनातली घट घेऊन हिशेब करू द्या, पाणी किती अंश उतरायला हवं होतं. आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा येईल. तिथे त्याला चूक झाल्यासारखं वाटतं, पण चूक नाही: भोवतालच्या गरम हवेतून उष्णता सतत आत येत असते. हे वहीत लिहून घ्या, यावर वर्गात छान बोलता येतं.

सुट्टीत कोकणातल्या आणि विदर्भातल्या नातेवाइकांकडे जाणार असाल तर दोन्हीकडे हाच प्रयोग करा. दमट हवेत सुगड किती आळसावतं ते नागपूरच्या आकड्यांशेजारी रत्नागिरीचे आकडे ठेवल्यावर दिसतं.

## ६. हळदीचं गुप्त पत्र

हा अर्ध्या दिवसाचा. दोन चमचे हळद थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, चित्रकलेच्या जाड कागदावर ब्रशने एकसारखी पसरवा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवू नका, हळदीचा रंग उन्हाने उडतो. वाळल्यावर सुकी पूड झटकून टाका.

कपड्याच्या साबणाचं दाट पाणी करून कापसाच्या काडीने त्यावर लिहा. अक्षरं तांबडी उमटतात. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी. हळदीच्या हातावर साबण लागला की तो लाल का होतो, हळद आणि चुना मिळून कुंकू कसं होतं, याचं उत्तर त्यातच आहे: अल्कली भेटली की हळद रंग बदलते. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा करतो.

नेहमीची चूक म्हणजे खाण्याचा सोडा वापरणं. तो सौम्य असतो, रंग फिकट येतो आणि मुलं निराश होतात. साबणाचं पाणी किंवा धुण्याचा सोडा घ्या, सोडा असेल तर हातमोजे घालून. तुलनेसाठी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून दुसरा कागद करा: लिंबाने तो गडद गुलाबी होतो, साबणाने हिरवट. हळदीला लिंबू आणि साधं पाणी यांतला फरक कळत नाही, जास्वंदीला कळतो. दोन्ही कागदांच्या पट्ट्या कापून ताक, चिंचेचं पाणी, राखेचं पाणी, टूथपेस्ट अशा दहा गोष्टींवर लावा आणि त्या पट्ट्याच वहीत चिकटवा.

## ७. शाळेत नेताना

तक्ता नव्याने सुंदर अक्षरात उतरवून मूळ वही घरी ठेवू नका. डाग पडलेली, खाडाखोड असलेली वहीच न्या. तीत वेळा आहेत, चुकलेले अंदाज आहेत. मोठ्या कागदावर फक्त चार गोष्टी हव्यात: प्रश्न, मांडणीची मुलाने स्वतः काढलेली आकृती, आलेख, आणि जे जमलं नाही त्याच्या दोन ओळी. आलेखात वेळ आडवी, तापमान उभं. अक्षावर एकक लिहायला मुलं हमखास विसरतात.

सौरपेटी रिक्षातून नेणार असाल तर काच वेगळी, जुन्या टॉवेलात गुंडाळून, मोठ्या माणसाच्या हातात द्या. शाळेत न्यायच्या दोन-तीन दिवस आधी मुलाला घरच्या कुणासमोर तरी बोलायला लावा, शक्यतो ज्याने प्रयोग पाहिलेला नाही अशा काका-आत्यासमोर. त्यांनी मधेच थांबवून ‘का?’ विचारावं. जिथे मूल अडखळेल तिथली नोंद वहीत काढून दाखवायला सांगा, आणि नोंदच नसेल तर अजून दोन दिवस हातात आहेत तोवर ते मोजमाप पुन्हा करून घ्या.